धावफलकात न मावलेले बाळू

बेंगळुरूत राहणारे इतिहासकार रामचंद्र गुहा यांचे ‘अ कॉर्नर ऑफ अ फॉरिन फील्ड’ हे पुस्तक २००२ साली आले आणि पालवणकर बाळू या क्रिकेटपटूचे नाव जवळपास अर्ध्या शतकाच्या विस्मरणातून वर आले. बाळूंचा जन्म १८७६ सालचा, धारवाडचा. घराणे कोकणातले, चर्मकार समाजातले. वडिलांची नोकरी लष्करात. प्रथम श्रेणीचे ३३ सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली जो संघ इंग्लंडला गेला, त्यात बाळूंचे धाकटे भाऊ शिवराम होते, आणि बाळूंनी त्या दौऱ्यात सगळे सामने मिळून ११४ बळी घेतले. असा गोलंदाज विसरला कसा गेला, हे त्या पुस्तकानंतर पुष्कळांनी विचारले. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न वेगळा आहे: ज्याला खेळात घेऊनही दूर ठेवले, त्याचे आयुष्य शोधताना पुरावा कशाला म्हणायचे?

अमेरिकेत या प्रश्नावर फार काम झाले आहे. जॅकी रॉबिन्सन १९४७ साली मेजर लीगमध्ये उतरले, त्याआधीची कित्येक दशके कृष्णवर्णीय बेसबॉलपटू वेगळ्या लीगमध्ये खेळत होते. रॉबर्ट पीटरसन यांचे त्या लीगवरचे पुस्तक १९७० साली आले, आणि त्यानंतर संशोधकांनी ‘शिकागो डिफेंडर’, ‘पिट्सबर्ग कुरियर’ यांसारख्या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांतून एकेका सामन्याचा तपशील गोळा केला. डिसेंबर २०२० मध्ये १९२० ते १९४८ या काळातल्या सात लीगना मेजर लीगचा दर्जा मिळाला. २०२४ साली त्यांचे आकडे अधिकृत नोंदींत आले आणि त्या लीगमधले जॉश गिब्सन फलंदाजीच्या ०.३७२ सरासरीने मेजर लीगच्या टाय कॉब यांच्या पुढे गेले. हे यश मोठे आहे. पण ते शक्य झाले, कारण त्या खेळाडूंच्या स्वतःच्या लीग होत्या आणि त्यांची दखल घेणारी स्वतःची वृत्तपत्रे होती. बाळूंच्या वाट्याला यातले काहीच आले नाही. त्यांचे आकडे ज्यांच्या वहीत उतरले, त्यांनीच त्यांना पंक्तीबाहेर बसवले होते.

म्हणूनच बाळूंचा धावफलक अपुरा आहे. तो सुरू होतो १९०५-०६ च्या हंगामात, म्हणजे बाळू तिशीला टेकल्यावर. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्यात बाळूंनी दोन डावांत आठ बळी घेतले, आणि ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ने त्या विजयाकडे जातिभेदाच्या चौकटीतून पाहिले. मात्र घडणीची वर्षे त्याआधीची, पुण्यातली. पारशांच्या क्लबात महिना तीन रुपयांवर खेळपट्टी झाडायची आणि लोळवायची. पुढे साहेबांच्या पूना क्लबात चार रुपयांवर ग्रेगसारख्या कसलेल्या फलंदाजाला नेटमध्ये तासन्‌तास चेंडू टाकायचे. बॅट मात्र हातात मिळत नसे. पुण्याच्या हिंदू क्लबाने त्यांना संघात घेतले, तेव्हा चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात मिळे. यातले काही धावफलकात शोधून सापडणार नाही, आणि बाळूंची गोलंदाजी घडली ती तिथेच. ‘लगान’ (२००१) चित्रपटातल्या कचरा या गोलंदाजाकडे बोट दाखवून अनेक जण बाळूंची आठवण काढतात. त्या तुलनेला माझा ठाम विरोध आहे. कचराची फिरकी अधू हाताची देणगी आहे. बाळूंची फिरकी वर्षानुवर्षांच्या राबण्याची, मजुरीच्या वेळात कमावलेल्या विद्येची. दैवी देणगी म्हटले की कष्ट पुसले जातात आणि ज्यांनी ते कष्ट स्वस्तात विकत घेतले तेही सुटतात.

या आयुष्याचा आतला पुरावा मराठीत आहे: धाकटे भाऊ विठ्ठल यांचे ‘माझे क्रीडा-जीवन’, १९४८ सालचे. त्यावर आक्षेप येतो की भावाने भावाविषयी, तेही इतक्या वर्षांनी लिहिलेले किती विश्वासाचे? आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर पुस्तक बाजूला ठेवण्यात नाही, पडताळण्यात आहे. १९२० साली हिंदू संघातून बाळूंना वगळले, कर्णधारपदासाठी विठ्ठल यांना डावलले, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम संघातून बाहेर पडले आणि आपले कारण त्यांनी जाहीरपणे मांडले. पुढे तडजोड झाली आणि बाळू उपकर्णधार म्हणून परतले. १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदू संघ जिंकला. हा सारा वाद त्या काळच्या वृत्तपत्रांत उघड झाला होता. आत्मचरित्र तिथे तपासता येते. शिवाय क्लबांच्या आणि जिमखान्यांच्या कागदांना आपण तटस्थ का मानतो? तेही कोणीतरी स्वतःच्या सोयीनेच लिहिले होते.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. अशा संशोधनातून माणूस हरवतो आणि उरते ते प्रतीक, असे म्हणतात. बाळूंच्या बाबतीत ही भीती खरी आहे, कारण त्यांचे राजकारण आजच्या वाचकाला अडचणीत टाकते. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ साली मुंबईत ते काँग्रेसच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विरोधात उभे राहिले आणि हरले. काहींनी बाळूंचा गौरव करताना हा भाग गाळला, काहींनी याच भागावरून त्यांना निकालात काढले. दोन्ही वागणी मला अन्यायाची वाटतात. चहाच्या वेळी बाहेर उभा राहिलेला माणूस त्याच लोकांबरोबर संघात खेळत राहिला, कर्णधारपदासाठीचा लढाही त्याच्या घराने शेवटी संघात परतूनच जिंकला. समाजात आतून बदल घडेल हा त्याचा विश्वास त्या अनुभवातून आला असणे अगदी शक्य आहे. बाबासाहेबांचा अनुभव आणि निष्कर्ष वेगळे होते, आणि मतदारांनी त्यांना निवडले. बाळूंचे क्रिकेट आणि त्यांची उमेदवारी एकत्र वाचली तरच त्यांचा निर्णय समजतो, मग तो पटो वा न पटो.

प्रशांत किदंबी यांनी २०१९ मध्ये ‘क्रिकेट कंट्री’त १९११ च्या दौऱ्याचा समग्र इतिहास लिहिला. हेही पुस्तक इंग्रजीत. पुण्या-मुंबईत घडलेल्या, मराठीत सांगितलेल्या या आयुष्याचा शोध प्रामुख्याने इंग्रजीत लागला, याबद्दल त्या लेखकांचे ऋण मानायला हवे. पुढचे काम मराठी वाचणाऱ्याचे आहे: विठ्ठल यांचे आत्मचरित्र टिपांसह, त्या काळच्या मराठी वृत्तपत्रांशी ताडून पुन्हा छापणे, आणि शिवराम व गणपत या भावांना बाळूंच्या सावलीतून बाहेर काढून त्यांच्याही खेळाची स्वतंत्र नोंद करणे.