शिबिर उठल्यावर पुढे काय?

परदेशातून डॉक्टर येणार, मोफत ऑपरेशन होणार, अशी बातमी पुसद, दिग्रस, उमरखेडच्या मोहल्ल्यांत आली की फाटलेल्या ओठाचे मूल असलेल्या घरात दुआही निघते आणि धाकधूकही होते. दोन्ही रास्त आहेत.

दुआ का, ते डॉ. शरदकुमार दीक्षित यांच्याकडे पाहून कळते. पंढरपुरात जन्मलेले आणि अमेरिकेत स्थायिक झालेले हे प्लास्टिक सर्जन १९६८ पासून भारतात येऊन अशी ऑपरेशने मोफत करीत. अपघाताने शरीर अधू झाले, कर्करोगाने आवाज नेला, तरी त्यांनी हात थांबवला नाही. २००१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

धाकधूक का, तेही समजून घेऊ. ओठ शिवला की चेहरा खुलतो. पण टाळूही फाटलेली असेल तर तिचे ऑपरेशन वेगळे, साधारण दीड वर्षाच्या आत. पुढे बोलण्याचा सराव, दात, हिरडी. हे काम वर्षानुवर्षांचे. पाहुणे डॉक्टर मात्र काही दिवसांत परततात. टाका उसवला, टाळूला छिद्र राहिले, तर आईने कोणाचे दार ठोठवायचे?

म्हणून नाव नोंदवण्याआधी विचारा: नंतर तपासणार कोण? कुठे? ऑपरेशनचे कागद हातात मिळतील का? परदेशी डॉक्टरांना इथे काम करण्याची परवानगी आहे का?

शिबिराची वाटही पाहत बसू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत मुले तपासते. फाटलेला ओठ आणि टाळू त्याच्या यादीत आहेत. अंगणवाडीताईंना आजच विचारा.