पारा चाळिशी गाठायच्या आत

पहाटे ४.३०
मे महिन्यात तेल्हाऱ्यात जी काही थंड वेळ असते, ती हीच. काल दुपारी पारा चव्वेचाळिसावर होता, आजही तिथंच जाणार. माशांच्या टाकीसाठी ॲक्रिलिकच्या शीट जोडायला मी जो द्रव वापरतो, त्यात मुख्य भाग डायक्लोरोमिथेनचा, आणि ते जेमतेम ४० अंशांना उकळतं. वऱ्हाडातल्या दुपारी झाकण उघडलं तर द्रव सांध्यात शिरायच्या आधीच हवेत जायचा. म्हणून बाटली रात्रभर पाण्याच्या बादलीत उभी होती आणि काम उन्हाआधी उरकायचं आहे.

पहिलं काम कूलर बंद करण्याचं. आतून आईचा आवाज आलाच, “काहून बंद केला रे कूलर?”
“जोडाले वल चालत नाही, माय.”
खरं कारण हेच. हा द्रव झपाट्यानं उडतो, उडताना पृष्ठभाग थंड करतो. हवेत ओल असली की ती तिथंच धरते आणि सांधा दुधाळ होतो. शिवाय कूलरच्या वाऱ्यानं द्रव लवकर सुकतो, तो त्रास वेगळाच.

पहाटे ५.००
कडा. या कामात सगळ्यात जास्त वेळ इथं जातो आणि जायलाच हवा. शीट १० मिलिमीटरची, साच्यात ओतून केलेली, म्हणजे कास्ट. दाबून काढलेली एक्स्ट्रुडेड स्वस्त पडते, पण द्रव लागला की तिच्यात बारीक तडे लवकर धरतात. पाटीवाल्यांकडे लेझरनं कापून मिळते, कड आरशासारखी चकचकीत दिसते. मात्र त्या उष्णतेनं कडेत ताण साठतो आणि जोडताना तिथंच बारीक तड्यांचं जाळं पडतं. म्हणून मी करवतीवर कापून आणली. आता हॅक्सॉ ब्लेडच्या पाठीनं करवतीच्या खुणा खरवडायच्या, मग सपाट ठोकळ्यावर पॉलिश पेपर ताणून कड घासायची. कोपरे गोल होऊ द्यायचे नाहीत. गुण्या लावून उजेडासमोर धरल्यावर फट दिसली, तर पुन्हा घासायचं.

सकाळी ६.००
जोड. दोन्ही दारं सताड उघडी, कारण द्रवाच्या वाफा हवेपेक्षा जड असतात, खाली साचतात, आणि श्वासातून गेलेल्या डायक्लोरोमिथेनचा काही भाग शरीर कार्बन मोनॉक्साइडमध्ये बदलतं. पोरांना या वेळी घरात फिरकू देत नाही.

समोरची शीट टेबलावर आडवी, पाणसळीनं तपासलेली. संरक्षक कागद फक्त कडेपुरता सोललेला. तिच्यावर बाजूची पट्टी उभी, खाली मध्ये मध्ये टाचण्या. त्या केसभर फटीत बारीक सुईच्या बाटलीनं द्रव सोडला की तो आपोआप आत धावतो, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसा. अर्धा मिनिट थांबायचं, तेवढ्यात दोन्ही पृष्ठभाग मऊ होतात. टाचण्या ओढून घ्यायच्या, पट्टी स्वतःच्या वजनानं बसू द्यायची. जोरानं दाबलं तर द्रव बाहेर येतो आणि सांधा कोरडा पडतो. थेंब सांडला तर पुसायचा नाही, उडू द्यायचा. पुसला की डाग कायमचा.

सकाळी ७.३०
शेजारचे काका डोकावतात. “काचेच्या टाकीले लावतेत तसं सिलिकॉन काहून नाही लावत?” सिलिकॉन काचेला घट्ट धरतं, ॲक्रिलिकला नीट धरत नाही, पुढंमागं सुटतं. इथं दोन शीटमध्ये चिकटवणारं तिसरं काही उरतच नाही. द्रव उडून जातो आणि मागं राहतं ते ॲक्रिलिकच.

सकाळी ९.००
काम बंद. सांध्यात एखाददुसरा सुटा बुडबुडा चालतो. बुडबुड्यांची रांग आतून बाहेरपर्यंत गेली असेल, तर ती गळतीची वाट.

दुपारी १.००
बाहेर रस्ता ओस. टाकी अंधाऱ्या खोलीत, उन्हापासून लांब, कारण ॲक्रिलिक काचेपेक्षा सात-आठ पट जास्त प्रसरण पावतं. बसून हिशेब करतो. टाकी आतून ६० सेंटीमीटर लांब, ३० रुंद, ३६ उंच, म्हणजे काठोकाठ ६५ लिटर. समोरच्या भिंतीवर पाण्याचा एकूण जोर सुमारे ३९ किलोवजनाइतका. लांबी दुप्पट केली तर हा जोर दुप्पट, उंची दुप्पट केली तर चौपट. हौशी माणसाचा मोह मात्र उंचीचाच असतो.

मोठमोठ्यांनाही हा हिशेब सुटत नाही. बर्लिनच्या एका हॉटेलातली १४ मीटर उंचीची ॲक्रिलिकची टाकी १६ डिसेंबर २०२२ रोजी पहाटे फुटली आणि सुमारे १० लाख लिटर पाणी रस्त्यावर आलं. तपासात नेमकं एक कारण ठरलं नाही, पण ज्या शक्यता पुढं आल्या त्यांत सांधा सुटण्याचीही होती.

संध्याकाळी ६.००
सांधा हाताळण्याइतका पक्का झाला आहे, पण आज पाणी नाही. पुरती ताकद यायला आठवडा देतो. मग आधी अंगणात भरून दोन दिवस ठेवायची, खाली कोरडा कागद अंथरून.

रात्री ९.००
पाणी कोणतं, हा तेल्हाऱ्यातला जुना प्रश्न. तालुक्याचा बराच भाग खारपाणपट्ट्यात. बोअरचं खारं पाणी सुकलं की पांढरे थर धरतात आणि घासणीनं काढायला गेलं की ॲक्रिलिकवर ओरखडे उठतात. म्हणून टाकीत वान धरणाचं नळाचं पाणी, रात्रभर उघडं ठेवून क्लोरीन उडालेलं. सुरुवातीला गप्पी आणि मॉली, जड पाणी सोसणारे मासे.

आपल्या भागात कुणाला अशी टाकी करायची असेल, तर उन्हाळ्यात पहाटे करा, नाहीतर सरळ दिवाळीनंतर कोरड्या हवेत, दिवसाउजेडी. पावसाळ्यात फक्त कडा घासून ठेवा, बाटली उघडू नका.