अंडरस्कोर म्हणजे म

2003 सालच्या एका दिवाळी अंकातला माझाच लेख मला हवा होता. पुस्तक निघायचं होतं आणि माझ्याकडचा अंक घर बदलताना रद्दीत गेला होता. अप्पा बळवंत चौकाजवळच्या अंकाच्या कचेरीत फोन केला, तर संपादक म्हणाले, "असेल. ताईंना विचारतो." पाचच मिनिटांत ताईंचा फोन आला. "मिळाला. पण शेवटचा परिच्छेद तुम्ही प्रुफात बदलला होता. तो देऊ की आधीचा?"

हे कसं झालं ते बघायला मी गेले.

लाकडी जिना, वरच्या मजल्यावर दोन खोल्या. खालच्या बाइंडिंगवाल्याच्या खळीचा आंबूस वास जिन्यातून थेट टेबलापर्यंत येतो. ताई तिथे अठ्ठावीस वर्षं डीटीपी करतात आणि या दिवाळीचा अंक छपाईला गेला की निवृत्त होणार आहेत. म्हणून संपादकांना शोधाचं एखादं सॉफ्टवेअर हवं होतं. ते त्यांनी ताईंसमोरच सांगितलं, फ्यूज बदलायचाय अशा सुरात. ताई मान खाली घालून मजकूर लावत होत्या.

सॉफ्टवेअर निवडायला संपादकांचा भाचा आला होता. त्यानं आधी सगळ्या फायली मोजल्या आणि जाहीर केलं, "एक्केचाळीस हजार." संपादकांना आकडा फार आवडला. दुपारपर्यंत आलेल्या प्रत्येक फोनवर त्यांनी तो सांगितला: आमच्याकडे 41,000 फायली आहेत.

पहिल्यांदा 'एव्हरीथिंग' लावलं. ते एरवी फायलींच्या पोटात शिरत नाही. डिस्कवर प्रत्येक फाइलच्या नावाची जी एक मोठी नोंदवही विंडोज स्वतःच ठेवतं, ती वाचतं आणि अक्षर टाइप करता करता यादी आखडत जाते. वेग डोळे दिपवणारा. पण त्यासाठी नावं धड हवीत. इथे 'फायनल', 'फायनल2', 'खरंफायनल', 'सरांनीपाहिलं' अशी नावं, आणि अगदी जुनी तर आठ अक्षरांत कोंबलेली. 'फायनल' शोधल्यावर तीन हजारांच्या वर उत्तरं आली. भाचा हसला. ताई नाही हसल्या. नावं त्यांनीच दिली होती.

मग पोटात शिरणारी सॉफ्टवेअरं. यांची रीत पुस्तकाच्या शेवटच्या शब्दसूचीसारखी. आधी सगळ्या फायली एकदा वाचून काढायच्या, कुठला शब्द कुठे आहे याची सूची करायची आणि पुढे फक्त सूची चाळायची. विंडोजच्या आतच असा एक शोध असतो, पण त्याची सूची मुळात वापरकर्त्याच्या ठरावीक फोल्डरांपुरती. आपल्याकडे तर सी ड्राइव्ह फॉरमॅट झाला तर काय, या भीतीनं सगळं काम डी ड्राइव्हवर. तो ड्राइव्ह भाच्यानं सेटिंगमध्ये जाऊन शोधाला दाखवून दिला. मग 'डॉकफेचर' लावलं. ते फुकट आहे आणि आउटलुकच्या पीएसटी फायलीही वाचतं, म्हणजे संपादकांची टपाल-पेटीसुद्धा. सूची तयार व्हायला वेळ लागणार होता, तेवढ्यात चहा झाला.

संपादकांनी 'गूगल डेस्कटॉप'ची आठवण काढली. 2004 ते 2011 एवढंच त्याचं आयुष्य, पण फायली आणि ईमेल एकाच चौकटीत शोधायची सवय पुष्कळांना त्यानंच लावली. 2006 साली त्यात एक सोय आली. ती चालू केली तर फायलींतला मजकूर कंपनीच्या सर्व्हरवर जायचा, आणि इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेनं ती सोय वापरू नका असं लोकांना बजावलं होतं. हे ऐकून संपादक गप्प झाले. त्यांच्या पेटीत लेखकांची पत्रं आहेत, मानधनावरून झालेल्या भांडणांसकट. भाच्यानं आणखी एक सांगितलं ते मला महत्त्वाचं वाटतं: सूची म्हणजे तुमच्या सगळ्या शब्दांची दुसरी प्रत. पत्रं कुलपात आणि सूची उघड्यावर, असं करून चालत नाही.

सूची झाली. भाच्यानं 'कऱ्हाड' टाइप केलं. चौदा उत्तरं. ताई मागून म्हणाल्या, "एवढीच कशी? कऱ्हाडवर आपला अख्खा विभाग होता." मग उलगडा झाला. काही फायलींत 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर आहे. काहींत र, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब. यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द. शिवाय काही लेखकांनी सरळ 'कराड' लिहिलेलं. एका गावासाठी तीनदा शोध. 'पाणी' शोधलं तर 'पाण्याचा' येत नाही, कारण शब्द विभक्तीला लागला की आपल्याकडे त्याचं मूळच बदलतं. 'पाण्य' लिहून पुढे तारा टाकायचा, हे शोधणाऱ्याला ठाऊक हवं.

ईमेलची गत वेगळी. निम्म्याहून जास्त पत्रांचा विषय एकच: 'लेख'. आत मजकूर नाही, फक्त जोडलेला फोटो, हातानं लिहिलेल्या पानाचा. काही जुन्या पत्रांत प्रत्येक अक्षराच्या जागी डोक्यावर तिरपी काडी असलेला ए आणि पुढे कचरा. तिथे शब्द शोधण्यात अर्थच नव्हता. पाठवणारा आणि साल, या दोन चाळण्या लावल्या तेव्हा कुठे पत्रं हाती लागली. माणसाला तरी दुसरं काय आठवतं? कुणी पाठवलं आणि साधारण केव्हा.

आणि माझा 2003 चा लेख? नव्या सॉफ्टवेअरला तो सापडला नाही. माझ्या लेखातला एकही शब्द सापडला नाही. 2003 चा अख्खा अंक नाही, त्याच्या आधीचेही नाहीत.

यात सॉफ्टवेअरचा दोष नाही. ते अंक श्रीलिपीत लागले आहेत. त्या काळच्या फॉन्टांत फाइलमध्ये मराठी अक्षर नसतंच. इंग्रजी अक्षर असतं आणि फॉन्ट त्याच्यावर मराठी मुखवटा चढवतो. ताईंनी कोरी फाइल घेतली आणि बोलत बोलत टाइप केलं: "अंडरस्कोर म्हणजे म. ए म्हणजे र. एम हा काना. कॅपिटल आर आणि पुढे हे 'पेक्षा मोठं'चं चिन्ह, झाला ठ. लहान आर, दुसरी वेलांटी. वाचा, मराठी." मला दिसत होता तो नुसता गिचमिडा. त्या सरळ वाचत होत्या.

"हे शिकवलं कुणी?"

"कोण शिकवणार? फॉन्ट उडाला की असंच दिसतं. प्रेसमधून फोन येतो, सगळं इंग्रजी झालं म्हणून. इतकी वर्षं बघितलं की वाचता येतं."

माझा लेख त्यांनी असाच शोधला होता. त्यांच्या यंत्रावर कुणा हार्डवेअरवाल्यानं कधीकाळी 'एजंट रॅन्सॅक' टाकून दिलेलं आहे. ते सूची करत नाही. दर वेळी फायली पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतं. हळू, पण ताईंच्या गिचमिड्याला तेच लागतं. सूची करणारं सॉफ्टवेअर 'पेक्षा मोठं'चं चिन्ह दिसलं की शब्द संपला असं समजून तिथेच तोडतं, म्हणजे 'मराठी'चे दोन तुकडे. भाच्यानं ताईंची पद्धत सगळ्या फायलींवर चालवून पाहिली: 22 मिनिटं. ताईंनी 2003 चं फोल्डर निवडून चालवली: अर्धं मिनिटही नाही. कुठल्या साली कोण लिहीत होतं हे त्यांना माहीत आहे.

भाचा मुलगा चांगला आहे. त्यानं टेबलावरची सगळी सॉफ्टवेअरं बाजूला सारली आणि म्हणाला, "मावशी, आधी हे युनिकोडमध्ये आणायला हवं. शोध नंतर." संपादकांना हे रुचलं नाही, त्यांना संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं. पण माझ्या मते त्या खोलीत दिवसभरात झालेला शहाणा निर्णय तेवढाच. नव्या फायलींना आणि ईमेलला 'डॉकफेचर', जुन्यांना तोवर ताईंचीच पद्धत, आणि ताई आहेत तोपर्यंत रूपांतर.

रूपांतर करणारी साधनं आहेत, पण डोळे मिटून चालत नाहीत. जुन्या फॉन्टात चिन्हं दिसण्याच्या क्रमानं साठवलेली, म्हणजे रफार अक्षराच्या नंतर, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी. क्रम उलटवताना चूक झाली की 'कार्यक्रम'चा 'कायर्क्रम' होतो, आणि मग नव्या शोधालाही तो सापडत नाही. पहिल्या फायलीत असे अकरा निघाले. ताईंनी चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली आणि एकेक दुरुस्त करायला घेतला. भाचा शेजारी बसून चुकांची यादी लिहीत होता, पुढच्या फायलींत आपोआप बदलता याव्यात म्हणून.

खालचं बाइंडिंग सातला बंद झालं. तोवर 41,000 पैकी 212 झाल्या होत्या.