तीस क्रेडिट्सचा हिशेब

सगळ्यात आधी एक कबुली. शाळेत माझं मराठी 'लोअर' होतं, आणि तेही मी आदल्या रात्री गाईड वाचून काढलंय. तेव्हा चुका पोटात घाला.

जर्मनीत एक सेमिस्टर करून आल्यापासून हॉस्टेलमध्ये मला दोनच प्रश्न विचारतात. खर्च किती आला? आणि चॉकलेटं संपली का? खरा महत्त्वाचा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही: तिथे शिकलेलं इथे धरतात का? माझं उत्तर, पाचपैकी चार विषय धरले. पाचव्याची गोष्ट पुढे येतेच आहे.

मी होते स्टुटगार्ट भागातल्या एका विद्यापीठात. स्टुटगार्ट हे १९६८ पासून मुंबईचं भगिनी-शहर, आणि आपल्या मेकॅनिकलवाल्यांसाठी बॉश-मर्सिडीजचं गाव. त्या राज्यात युरोपबाहेरच्या मुलांना २०१७ पासून सेमिस्टरला १५०० युरो फी लागते. पण दोन कॉलेजांमधल्या करारावर गेलात तर ती माफ असते. म्हणून आधी आपल्या कॉलेजचा करार कुणाशी आहे ते बघा.

मग पैसा. व्हिसासाठी 'ब्लॉक्ड अकाउंट' दाखवावं लागतं. मी गेले तेव्हा महिन्याला ९९२ युरो असा दर होता, म्हणजे सहा महिन्यांचे साधारण साडेपाच लाख. बाबांनी एफडी मोडली तेव्हा घरात दोन दिवस कोणी मोठ्याने बोललं नाही. पण हे पैसे फी म्हणून जात नाहीत. ते आपलेच असतात आणि दर महिन्याला ठरलेला हप्ता आपल्याला खर्चायला मिळतो. एवढंच की आधी ते सगळे एकदम उभे करावे लागतात.

आता कॅलेंडर. इथे बहुतेकांची फसगत होते. त्यांचं हिवाळी सत्र १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. तासिका ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत आणि परीक्षा त्यानंतर. म्हणजे तिथलं एक सेमिस्टर आपल्या दोन सेमिस्टर्सचे लचके तोडतं. मी परत आले तेव्हा इथली एक इंटर्नल होऊनही गेली होती. ती कधी, कशी द्यायची हे जाण्यापूर्वीच लेखी घेऊन ठेवा. तोंडी "बघू नंतर" चालत नाही. कोणते विषय तिथे करणार आणि त्याबदली इथले कोणते माफ होणार, त्याचा कागदही दोन्हीकडच्या सह्यांनिशी आधीच हवा.

क्रेडिटचा हिशेब असा. युरोपात एका सेमिस्टरला ३० क्रेडिट्स धरतात. जर्मनीत एक क्रेडिट म्हणजे साधारण ३० तासांचं काम. माझे पाच विषय सहा-सहा क्रेडिट्सचे होते, म्हणजे एका विषयाला १८० तास. त्यातले वर्गात जेमतेम साठ. उरलेले एकशेवीस कुठे गेले? ते तुमच्या खोलीत आणि लायब्ररीत जायचे असतात. मला हे कळायला डिसेंबर उजाडला.

कारण तिथे कोणी मागे लागत नाही. माझ्या लेक्चर्सना हजेरी नव्हती, त्यामुळे डिफॉल्टर लिस्टही नाही. जर्नल नाही, सबमिशनच्या आदल्या रात्रीची ती पळापळ नाही. प्रोफेसर शिकवतात, शेवटी मुलं टाळ्यांऐवजी बाकावर टकटक करतात आणि सगळे पांगतात. पहिले दोन महिने मला वाटलं, अरे, स्वर्ग आहे हा! मी आल्प्स पाहिला, ख्रिसमसचे बाजार पाहिले.

आणि पाचवा विषय घालवला. नापास होऊन नाही, तर परीक्षेला नाव न नोंदवून. आपल्याकडे फॉर्म भरायची वेळ आली की सीआर ग्रुपवर दहा वेळा ओरडतो. तिथे विषयाला बसणं वेगळं आणि परीक्षेला नाव नोंदवणं वेगळं. त्याची मुदत डिसेंबरच्या सुरुवातीला संपली आणि मला जानेवारीत समजलं. ऑफिसातल्या बाईंनी शांतपणे माझं ऐकून घेतलं आणि तितक्याच शांतपणे सांगितलं की आता काही होणार नाही. त्यांची काही चूक नव्हती. मेल मला आला होता, जर्मनमध्ये, आणि मी तो उघडला नव्हता. आता तो विषय माझा इथे बॅकलॉग आहे. एफडी आठवली की अजून पोटात खड्डा पडतो.

मार्कांची गंमत वेगळीच. तिथे १.० सर्वांत उत्तम, ४.० म्हणजे काठावर पास, ५.० नापास. मी फोनवर "आई, २.३ मिळाले" म्हटलं तर पलीकडे शांतता. मग हळूच, "दहापैकी?"

हॉस्टेलवाल्यांसाठी एक खास. त्या भागात 'केरवोखे' नावाची जुनी पद्धत आहे. ज्याच्या दारावर पाटी लागेल त्याने त्या आठवड्यात जिना, अंगण झाडायचं. शब्दातच 'केर' आहे, त्यामुळे मला तो लगेच पाठ झाला! आमच्या सहाजणांच्या किचनमध्येही तसाच तक्ता होता. तिथे ना मावशी, ना रेक्टर. माझ्या पाळीला ओटा चिकट राहिला तेव्हा कोणी भांडलं नाही, फक्त समोरच्या मुलीने माझ्या नावापुढे एक प्रश्नचिन्ह काढलं. मला रेक्टरमॅडमचं ओरडणं परवडलं असतं.

म्हणून जाऊ नका असं मी मुळीच म्हणत नाही. जा, नक्की जा. फक्त पहिल्या आठवड्यात तीन गोष्टी करा: दोन आठवड्यांच्या आत राहत्या पत्त्याची नोंदणी, परीक्षा-नोंदणीच्या तारखा भिंतीवर, आणि न कळणारा प्रत्येक मेल कुणाकडून तरी वाचून घेणं. आणि आपल्या सरांना एक विनंती. कोणी जाणार असेल तर त्याला तिथल्या थंडीपेक्षा या तारखांची भीती आधी घाला. स्वेटर तर आई देतेच.

पाचव्या विषयाचा पेपर मी हिवाळ्यात देतेय. फॉर्म मी भरलाय, पहिल्याच दिवशी.