गाठ थांबत नाही

मार्च ते मे २०२० या तीन महिन्यांत देशातल्या ४१ कर्करोग केंद्रांत आदल्या वर्षीपेक्षा ५४ टक्के कमी नवे रुग्ण नोंदले गेले. १,१२,२७० वरून आकडा थेट ५१,७६० वर आला. नॅशनल कॅन्सर ग्रिडची ही पाहणी. कर्करोग घटला नव्हता, तो शोधणारी साखळी तुटली होती.

ही साखळी फार नाजूक असते. गावातल्या डॉक्टरांना तोंडातला पांढरा चट्टा दिसतो, ते चिठ्ठी देतात. मग एसटी, शहरातलं रुग्णालय, तुकडा काढून तपासणी, अहवाल. टाळेबंदीत एसटीच बंद! घशातून दुर्बीण घालताना रुग्ण खोकतो, सूक्ष्म थेंब उडतात; म्हणून ती तपासणी मुख्यतः तातडीच्या रुग्णांपुरती उरली. खाटा आणि माणसं कोविडकडे वळली. सत्तर टक्क्यांहून अधिक केंद्रांत लक्षणांआधीच्या चाचण्या पूर्ण थांबल्या किंवा पाव क्षमतेखाली गेल्या.

स्तनातली गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. न दुखणारं दुखणं बायका एरवीही मागे टाकतात, तेव्हा तर दाराबाहेर साथ होती. त्यांना दोष कसा द्यायचा? पण तेवढ्या महिन्यांत गाठ काखेपर्यंत पोहोचू शकते, आणि मग केवळ छोट्या शस्त्रक्रियेवर भागत नाही.