आयडी माझी, मालकी कुणाची?

यवतमाळला खेटून असलेलं लोहारा असो की पुणे-मुंबई, बीजीएमआय हा मोबाइल गेम खेळणाऱ्या पोरांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं: ‘एवढे पैसे लावले, आयडी माझीच आहे.’ पैसे लावले हे खरं. आयडी मात्र त्यांची नाही.

यूसी (खेळातलं चलन), स्किन, बंदुका यांची विक्री होतच नाही. कंपनीच्या सर्व्हरवर त्या वापरायची परवानगी मिळते, आणि ‘सहमत’ दाबताना आपण तेच कबूल केलेलं असतं. मक्त्यानं घेतलेल्या वावरासारखं हे आहे: पीक काढा, पण सातबारा तुमच्या नावावर होणार नाही. म्हणूनच आयडी विकणं करारभंग ठरतं. ती बॅन झाली, तर घेणाऱ्याचे पैसेही बुडतात.

२ सप्टेंबर २०२० ला केंद्र सरकारनं ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल होता. ३० ऑक्टोबरला भारतातला खेळ थांबला आणि पोरांनी रात्री जागून जमवलेलं सगळं दिसेनासं झालं. २ जुलै २०२१ ला क्राफ्टॉन या कंपनीनं पबजीची भारतीय आवृत्ती म्हणून बीजीएमआय आणला, तेव्हाही जुना डेटा आपसूक आला नाही. नव्या अटी मानून तो हलवायला संमती द्यावी लागली.

‘अटी वाचल्याच नाहीत, मग करार कसला?’ हाही भ्रमच. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०-अ नुसार, केवळ इलेक्ट्रॉनिक आहे म्हणून करार रद्दबातल होत नाही. न वाचता केलेली सहीसुद्धा सहीच.

पण ‘सहमत दाबलं, आता सगळं संपलं’ असं मानून गप्प बसणं मला जास्त घातक वाटतं. अमेरिकेत ‘सेकंड लाइफ’ या आभासी जगातली जमीन आणि खातं गमावलेल्या मार्क ब्रॅग या वकिलानं लिंडन रिसर्च या कंपनीवर दावा लावला. वाद लवादाकडेच न्यायचा, ही करारातली अट २००७ मध्ये न्यायालयानं अन्याय्य ठरवून बाजूला सारली. आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘अनुचित करार’ ही स्वतंत्र व्याख्या आहे. वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार संपवण्याची मुभा देणारी आणि ग्राहकाच्या हक्कात मोठा बदल घडवणारी अट तीत बसते. अशा कराराची तक्रार राज्य ग्राहक आयोगाकडे जाते. सेवेतल्या त्रुटीची तक्रार मात्र लोहाऱ्याच्या माणसाला यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगातच करता येते. कंपनीच्या गावी जावं लागत नाही.

अठरा वर्षांखालच्या मुलांचं काय? १८७२ च्या करार कायद्यानुसार अज्ञानाला (अल्पवयीन व्यक्तीला) करार करता येत नाही, आणि १९०३ मध्ये मोहरीबीबी खटल्यात प्रिव्ही कौन्सिलनं असा करार मुळातच शून्य ठरवला. घरोघरी मात्र मोबाइल बाबांचा, यूपीआयही बाबांचंच. तिथं ‘पोरानं केलं’ हे सिद्ध करणं सोपं नसतं. म्हणून खरेदीच्या पावत्या आणि खातं बंद झाल्याच्या संदेशाचा स्क्रीनशॉट जपून ठेवावा, आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर लगेच तक्रार नोंदवावी.