एकट्याची होडी आणि तीन गुण

शर्यतीत जो आधी पोहोचला तो जिंकला, इतके आपणा सर्वांस ठाऊक असते. शिडाच्या होड्यांच्या ऑलिम्पिक शर्यतीतील जमाखर्च मात्र आपल्या पेढीवरील वहीच्या अगदी उलट चालतो. ज्याच्या नावावर कमी जमा, तो श्रेष्ठ. १९८८ च्या सेऊल ऑलिम्पिकमध्ये पहिल्या क्रमांकास शून्य गुण, दुसऱ्यास ३, तिसऱ्यास ५.७, चौथ्यास ८ असा हिशेब होता. एकूण सात शर्यती. त्यांतील सर्वांत वाईट एक वगळायची आणि उरलेल्या सहांची बेरीज करायची. या वहीत एका नावापुढे लिहिल्या गेलेल्या तीन गुणांची ही हकीकत आहे.

ते नाव कॅनडाच्या लॉरेन्स लेम्यू यांचे. जन्म एडमंटनचा, समुद्र तेथून शेकडो मैल दूर. ते उतरले होते ‘फिन’ या वर्गात. स्वीडनच्या रिकार्ड सार्बी यांनी १९४९ मध्ये आखलेली ही साडेचार मीटर लांबीची, एकच शीड असलेली होडी १९५२ च्या हेलसिंकीपासून टोकियोपर्यंत ऑलिम्पिकमध्ये होती. ती चालवायची एकट्यानेच. एका हातात सुकाणू, दुसऱ्या हातात शिडाची दोरी. वारा होडीला एका अंगावर कलंडवू लागला की पाय आतील पट्ट्यात अडकवायचे आणि सारे अंग बाहेर झोकून तोल सावरायचा. या वर्गातील खेळाडू उंच आणि वजनदार असतात, ते यासाठीच. वारा कोठे फिरेल, कोणत्या बाजूने जावे, हे विचारायला शेजारी कोणी नसते. धंद्यात भागीदार नसलेल्या माणसाला ही अवस्था वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

स्पर्धेचे पाणी सेऊलजवळ नव्हते. दक्षिणेकडील पुसान बंदरापुढील समुद्रात, आज ज्याला बुसान म्हणतात तेथे, या शर्यती झाल्या. २४ सप्टेंबरला फिनची पाचवी शर्यत होती. जवळच दुसऱ्या मार्गावर ‘४७०’ या दोघांच्या होड्यांची शर्यत चालू होती. लांबी ४७० सेंटिमीटर, म्हणून नावही तेच. याच वर्गात भारतातर्फे फारूख तारापोर उतरले होते. वारा वाढत वाढत ३५ नॉटपर्यंत, म्हणजे ताशी सुमारे ६५ किलोमीटरवर गेला. लाटा इतक्या उंच उठू लागल्या की वळणाची खूण म्हणून तरंगत ठेवलेला बोयाही त्यांच्याआड लपत होता. लेम्यू यांच्याकडून तो एकदा हुकला. परत येऊन वळसा पुरा करावा लागला. तरीही ते दुसऱ्या स्थानावर होते.

इतक्यात त्यांना सिंगापूरची ४७० पालथी झालेली दिसली. जोसेफ चॅन आणि सिव शॉ हर हे तिचे दोन खेळाडू. एक जण पालथ्या होडीला धरून होता, दुसरा तिच्यापासून दूर वाहून चालला होता. लेम्यू यांनी आपला मार्ग सोडला आणि होडी तिकडे वळवली.

हे वाचताना सोपे वाटते. एकट्यासाठी बांधलेल्या होडीत, अशा वाऱ्यात, पाण्यातून भिजलेला माणूस ओढून घ्यायचा म्हणजे सुकाणू आणि दोरी यांवरील लक्ष काढायचे. क्षणाचा उशीर झाला तर आपलीही होडी पालथी. तशात होडीत पाणी भरत होते. तरी त्यांनी दोघांनाही वर घेतले, कोरियन नौदलाची गस्तनौका येईपर्यंत तेथेच थांबले, त्यांना तिच्या स्वाधीन केले आणि मग पुन्हा शीड ताणून शर्यत पुरी केली. तोवर अनेक होड्या त्यांच्या पुढे निघून गेल्या होत्या.

ही कथा आता बहुधा ‘त्यांनी पदक सोडले’ अशी सांगितली जाते. वही तसे सांगत नाही, आणि खरी नोंद काही उणी नाही. शिडाच्या शर्यतींच्या नियमावलीत संकटात सापडलेल्यास शक्य ती सर्व मदत करण्याचे बंधन अगदी आरंभी येते. आजच्या क्रमवारीत तो नियम १.१ आहे. आणि मदत करताना स्थान गमावले, तर भरपाई देण्याची तरतूदही आहे. त्यानुसार पंचमंडळाने लेम्यू यांना मदतीसाठी वळले तेव्हाचे, म्हणजे दुसरे स्थान दिले. तीन गुण.

मग त्यांचे नुकसान झालेच नाही, असे कोणी म्हणेल. कागदावर नाही झाले. परंतु भरपाई मिळते ती किनाऱ्यावर, शर्यत संपल्यानंतर, पंचांच्या निर्णयाने. लाटांमध्ये सुकाणू फिरवताना असे कोणतेही हमीपत्र हाती नव्हते. होडी पालथी झाली असती तर तिची भरपाई कोणत्या रकान्यात लिहिणार? माझ्या मते त्या दिवशीचा खरा धोका गुणांचा नव्हताच.

पदकवितरणाच्या वेळी आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे अध्यक्ष हुआन अंतोनिओ सामारांच यांनी लेम्यू यांना पिएर द कुबेर्तँ पदक देऊन गौरविले. फिनचे सुवर्ण स्पेनच्या होसे लुइस डोरेस्टे यांना, रौप्य अमेरिकी व्हर्जिन बेटांच्या पीटर होमबर्ग यांना, कांस्य न्यूझीलंडच्या जॉन कटलर यांना मिळाले. त्या यादीत लेम्यू यांचे नाव अकरावे आहे, आणि त्यांच्या पाचव्या शर्यतीचे गुण तीन आहेत.